सात खटके

२१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटे. आकाश निरभ्र. वारा वायव्येकडून, गवताचे शेंडे जेमतेम हलतील एवढा. दव बेताचे.

एवढे वहीत लिहून एका मोजणीदाराने पेन खिशाला लावले आणि वही गवतावर ठेवली. जमीन मोजणीच्या खात्यात त्याची अठ्ठावीस वर्षे गेली होती. लिहून ठेवल्याशिवाय एखादी गोष्ट घडली, असे त्याला वाटत नसे. गावाबाहेरच्या त्या माळावर दुसरे कोणी नव्हते.

त्याच्याजवळ एक विमान होते. पंख दीड मीटरचे, आत हलक्या लाकडाच्या फासळ्या, वर पिवळे आवरण, नाकावर विजेच्या मोटरीवर फिरणारा पंखा. नाकाजवळ काळ्या रंगात नाव लिहिलेले होते, टिटवी. या विमानाला चाके नव्हती. ते हाताने पुढे फेकावे लागे आणि मग जमिनीवरून ट्रान्समीटरने उडवावे लागे. म्हणजे काम दोन माणसांचे होते. नऊ वर्षे ते दोघांनी केले. त्याने फेकायचे, त्याच्या पत्नीने उडवायचे. तो फेके तेव्हा तिचे दोन्ही अंगठे ट्रान्समीटरवरच्या दोन छोट्या दांड्यांवर तयार असत. ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करी. दिवसभर सूक्ष्मदर्शकाचा बारीक स्क्रू फिरवून तिची बोटे अशी झाली होती की, कोणत्याही गोष्टीला ती गरजेपेक्षा जास्त ढकलत नसत.

वहीत त्यासाठी दोन रकाने होते. ‘फेकले : मी. उडवले : ती.’ पानेच्या पाने हेच. चौदा महिन्यांपूर्वी ती गेली. त्यानंतर काही पाने कोरी होती आणि मग दोन्ही रकान्यांत एकच शब्द येऊ लागला होता.

इथे विमानाविषयी थोडे सांगितले पाहिजे. शेपटीच्या आडव्या फळीची मागची कड बिजागरीवर वर-खाली होते. तिला एलिव्हेटर म्हणतात. ती वर गेली की विमानाचे नाक वर येते. खाली गेली की नाक खाली जाते. विमानाच्या पोटात काडेपेटीएवढी एक मोटर असते, ती सर्वो. सर्वोच्या हाताला एक बारीक पोलादी सळी जोडतात. ती मागे शेपटीपर्यंत जाते आणि एलिव्हेटरच्या खालच्या बाजूला असलेल्या छोट्या शिंगात अडकते. ट्रान्समीटरवरची दांडी ओढली की सर्वोचा हात हलतो, हात सळीला हलवतो आणि सळी एलिव्हेटरला. दांडीशेजारी एक लहानशी सरकपट्टी असते, तिला ट्रिम म्हणतात. विमान आपण होऊन नाक खाली घालू लागले तर ट्रिम एकेक खटका वर सरकवायची. एलिव्हेटर तेवढा किंचित वर राहतो आणि दांडी सोडून दिली तरी विमान सरळ जाते.

टिटवीच्या ट्रान्समीटरवर ही ट्रिम मध्यापासून सात खटके वर होती. तिथे ती त्याच्या पत्नीच्या अंगठ्याने गेली होती. आता एकट्याने उडवायचे म्हणजे उजव्या हाताने विमान फेकायचे आणि तोपर्यंत ट्रान्समीटर डाव्या तळहातावर धरायचा. त्या धरण्यात तळहाताची कड सरकपट्टीला लागे. ती हलू नये म्हणून मोजणीदाराने तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावली होती. सलाइनची सुई हातावर धरून ठेवायला दवाखान्यात वापरतात, त्यातली. तिच्या आजारपणातली अर्धी गुंडाळी घरात उरली होती.

त्या सकाळी त्याने टिटवी फेकली. उजवा हात रिकामा होऊन दांडीवर येईपर्यंत एक सेकंद जातो. त्या सेकंदात विमानावर कोणाचाच हात नसतो. तो सेकंद बरा गेला. चार मिनिटे टिटवी माळावर फिरली. उतरताना त्याने दांडी ओढली, नाक पुरेसे वर येईना. त्याने आणखी ओढली, शेवटपर्यंत ओढली. टिटवी नाकावर पडली. पंख्याचे एक पाते तुटले आणि नाकाजवळचे लाकूड चिरले.

हे दोन महिन्यांत तिसऱ्यांदा झाले होते. नाक दोनदा चिकटवून झाले होते. आणखी एकदा चिकटवण्याइतके लाकूड तिथे होते, त्यानंतर नव्हते. मोजणीदार गवतात बसला. त्याने वहीत लिहिले, ‘पुन्हा पडली तर दुरुस्त करणार नाही. माळावर येणार नाही.’ लिहिल्यामुळे ते ठरले.

गावच्या बाजारपेठेत एक वृद्ध वजनकाटे दुरुस्त करीत असे. तीस वर्षांपूर्वी त्यानेच या गावात विमाने उडवण्याची हौस आणली होती. एके काळी त्याच्याबरोबर चौदा माणसे माळावर जात. कोणी बदली होऊन गेले, कोणी कंटाळले, कोणी वारले. मोजणीदाराच्या पत्नीला उडवायला याच वृद्धाने शिकवले होते. ती गेल्यापासून मोजणीदार त्या दुकानाची पायरी चढला नव्हता. बाजारात जायचे तर तो पलीकडच्या गल्लीने जाई.

त्या दिवशी अकराच्या सुमारास तो टिटवी काखेत आणि ट्रान्समीटर पिशवीत घेऊन दुकानात गेला. तिथे गुळाचा एक व्यापारी उभा होता आणि घाई करीत होता.

“काका, काटा झाला का? दुकान उघडं टाकून आलोय.”

“पाच ग्रॅम डावीकडे झुकतोय अजून.” वृद्धाने मान वर केली नाही.

“झुकू दे हो. पाच ग्रॅम मी मनात धरतो. आजवर धरतच आलोय.”

“तू धरशील रे. उद्या तुझा मेव्हणा दुकानात बसला, तो काय धरील?”

“तो? तो गिऱ्हाइकाचं नावसुद्धा धरत नाही मनात!”

“मग बस दहा मिनिटं.”

व्यापारी बसला आणि त्याची नजर टिटवीवर गेली. “काय मोजणीसाहेब, आता जमिनी वरून मोजायला लागला की काय? आमच्या शेजाऱ्याच्या बांधावरून एक घिरटी मारा बरं. दर वर्षी वीतभर सरकतोय तो.”

मोजणीदार ओठांपुरता हसला.

“पण याचं नाक फुटलंय की! बांध बघून शेजाऱ्याने हाणलं वाटतं?”

“तुझा काटा झाला,” वृद्ध म्हणाला. “घे आणि जा. आणि मनात काही धरू नकोस, रिकाम्या पारड्याला शून्यावर येतोय तो आता.”

व्यापारी गेला. दुकानात भिंतीवरचे काटे आणि ही दोन माणसे उरली. वृद्धाने हात पुसले.

“किती दिवसांनी आलास?”

“चौदा महिने.”

“मोजलंस होय.”

“मोजतोच मी.”

वृद्धाने त्यापुढे काही विचारले नाही. मोजणीदाराला ज्याची भीती वाटत होती, ते विचारणे आलेच नाही. त्याऐवजी वृद्धाने टिटवी टेबलावर घेतली, जुन्या ओळखीच्या माणसाची पाठ चाचपावी तशी दोन्ही हातांनी चाचपली आणि म्हणाला, “चालू कर.”

मोजणीदाराने आधी ट्रान्समीटर आणि मग विमान चालू केले. वृद्धाने आपला कान टिटवीच्या पोटाला लावला आणि डोळे मिटले. मोजणीदाराला वाटले, त्याला झोप लागली.

“कण्हतोय,” शेवटी वृद्ध म्हणाला.

“कोण?”

“सर्वो. कान लाव.”

मोजणीदाराने कान लावला. आत फार बारीक, सलग गुणगुण होती.

“आता दांडी पूर्ण ओढ.”

दांडी ओढताच गुणगुण वाढली. शेपटीजवळ सळी ज्या खाचेतून बाहेर येते, तिच्यावर वृद्धाने नखाने टकटक केली. “हे बघ. सळी इथे कडेला टेकते. पुढे सरकायला जागाच नाही आणि आतला बिचारा ढकलतोच आहे. तू दांडी पुरी ओढतोस, एलिव्हेटर अर्ध्यात थांबतो. म्हणून नाकावर येते. असंच चालू ठेवलंस तर एक दिवस सर्वो जळेल. जळला की एलिव्हेटर असेल तिथे अडकेल, आणि मग तू काही कर, टिटवी तुझं ऐकणार नाही.”

“तिच्या हातात नऊ वर्षांत असं कधी झालं नाही, काका.”

“ती दांडी पुरी ओढायचीच नाही. मी शिकवलंय तिला. दोन बोटांत धरायची, फूल धरल्यासारखी. तू रहाट ओढल्यासारखी ओढतोस.”

“मला कुणी शिकवलं नाही.”

“आलास कधी?”

मोजणीदाराने टिटवीचे चिरलेले नाक बोटाने दाबून पाहिले.

वृद्धाने ट्रान्समीटर जवळ ओढला. अंगठ्याच्या नखाने त्याने पांढऱ्या चिकटपट्टीचा कोपरा उचलला. मोजणीदाराला वाटले, तो फक्त पाहतो आहे. पण वृद्धाने पट्टी सावकाश, पूर्ण काढली. मग सरकपट्टीवर अंगठा ठेवला आणि ती खाली आणली. टक, टक, टक. सात वेळा आवाज झाला. ट्रिम मध्यावर आली.

“काय केलंत हे?”

मोजणीदार उठून उभा राहिला होता. तो कार्यालयातसुद्धा कधी आवाज चढवीत नसे. बांधावरून कुऱ्हाडी उगारणाऱ्या माणसांशीही तो हळू बोले.

“काका, तो तिचा हात होता! तिने शेवटचं उडवलं तेव्हापासून ती ट्रिम तिथेच आहे. मी हलू दिली नाही. चौदा महिने हलू दिली नाही. घरातलं सगळं गेलं. तिची साडी तिच्या बहिणीने नेली, चष्मा दवाखान्यातच राहिला, उशीलासुद्धा आता माझ्याच तेलाचा वास येतो. एवढी एकच गोष्ट जशीच्या तशी राहिली होती, आणि तुम्ही...”

“एलिव्हेटर बघ,” वृद्ध म्हणाला.

“मला नाही बघायचं.”

“बघ तर.”

एलिव्हेटर खाली गेला होता. डोळ्यांना सहज दिसावा एवढा. वृद्धाने एक स्टीलची मोजपट्टी शेपटीला लावून धरली आणि विचारले, “किती?”

रागात असूनही मोजणीदार वाकला. अठ्ठावीस वर्षांची सवय होती. “तीन मिलिमीटर. थोडं कमीच.”

“ट्रिम मध्यावर, दांडी मध्यावर, आणि एलिव्हेटर तीन मिलिमीटर खाली. म्हणजे सळी आखूड आहे. पहिल्यापासून आखूड आहे. ही काही झिजून लहान होत नाही. कुणी बसवली ही?”

मोजणीदार सरळ उभा राहिला.

“मी,” तो म्हणाला.

“कशी?”

कशी, ते त्याला आठवत होते. नऊ वर्षांपूर्वीचा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी टिटवी पहिल्यांदा उडायची होती. सगळे झाले होते, फक्त सळी जोडायची राहिली होती, आणि बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. सळी जोडताना सर्वोला वीज हवी, म्हणजे तो आपल्या मध्यावर येऊन उभा राहतो, हे त्याला ठाऊक होते. पत्नी आतून म्हणाली होती, “अहो, बॅटरी होऊ द्या ना, घाई काय आहे?” पण त्याला थांबवेना. तिच्या हाती पूर्ण झालेले विमान द्यायचे होते. एलिव्हेटर हलू नये म्हणून त्याने वरून-खालून दोन पट्ट्या बांधल्या, सर्वोचा हात डोळ्यांच्या अंदाजाने उभा केला आणि सळीची लांबी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजून कापली. आयुष्यात एकदाच तो थांबला नव्हता.

हे त्याने तुटक तुटक सांगितले.

वृद्ध म्हणाला, “म्हणजे मोजणी बिनचूक. फक्त दगड चुकीचा धरलास. तू मोजणीदार ना रे? मोजणी कशी सुरू करतोस, आधी टेप ताणतोस की आधी हद्दीचा दगड खरा आहे का ते बघतोस?”

“दगड.”

“त्या दिवशी दगड झोपलेला होता. वीज आल्यावर जागा झाला आणि आपल्या जागी सरकला.”

“पण ती काही बोलली नाही. पहिल्या दिवशी उडवली, खाली उतरवली आणि म्हणाली...” मोजणीदार थांबला. ते वाक्य त्याच्या वहीत लिहिलेले होते. “म्हणाली, सळी अगदी बरोबर बसलीय हो.”

वृद्धाने ट्रान्समीटर खाली ठेवला. बाहेर कोणी सायकलची घंटी वाजवत गेले. मग तो जे बोलला, ते फार मोठ्याने नव्हते.

“मी तिथे होतो त्या दिवशी. तू फेकलीस. टिटवी सरळ जायच्या ऐवजी नाक खाली घालू लागली. तिने दांडी किंचित ओढून धरली आणि दुसऱ्या अंगठ्याने ट्रिम वर सारली. मी जवळ होतो म्हणून खटके ऐकू आले. सात. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. सांगू नका म्हणून. तू तिकडे हात वर करून नाचत होतास. पुढे नऊ वर्षं ती तुझी चूक आपल्या अंगठ्यावर धरून उडवत राहिली. सळी कडेला टेकते हेही तिला माहीत असणार, म्हणूनच दांडी कधी पुरी ओढली नाही. बाबा, तू चिकटपट्टी लावून जे जपलंस ना, तो तिचा हात नाही. ती तुझी चूक आहे. तिचं काय होतं, तर ती चूक धरून ठेवणं आणि वर ‘बरोबर बसलीय’ म्हणणं. ते तिच्याबरोबर गेलं, ते पट्टीखाली राहत नाही. आपण जन्मभर सरळ चालतो असं आपल्याला वाटतं. कुणीतरी शेजारी उभं राहून आपला झोक सांभाळत असतं. ते माणूस गेलं की आपण त्याच्या बोटांची खूण पुजत बसतो आणि झोक तसाच ठेवतो. तिला काही द्यायचं असेल, तर तिच्या अंगठ्यावरचं ओझं उतरव.”

मोजणीदार स्टुलावर बसला. बराच वेळ तो स्वतःच्या हातांकडे पाहत होता. वृद्धाने त्याच्याकडे पाहिले नाही. त्याने एक जुना काटा ओढून घेतला आणि त्याची धूळ पुसत बसला. त्या काट्याला धूळ नव्हती.

“किती आटे?” शेवटी मोजणीदाराने विचारले.

“तू मोज.”

सळीच्या मागच्या टोकाला आटे पाडलेले असतात. त्यावर एक लहान चिमटा फिरवून बसवतात आणि तो चिमटा एलिव्हेटरच्या शिंगात अडकतो. चिमटा बाहेरच्या बाजूला फिरवला की सळी लांब होते. मोजणीदाराने चिमटा शिंगातून सोडवला. वृद्धाने मदतीला हात पुढे केला नाही. एक आटा. चिमटा अडकवला, मोजपट्टी लावली, पाहिले. पुन्हा सोडवला. दुसरा आटा. पुन्हा पाहिले. तिसऱ्या आट्याला एलिव्हेटर शेपटीच्या रेषेत आला. ट्रिम मध्यावरच होती, म्हणून सळीला पुढे सरकायला सात खटक्यांची जागा उरली होती. दांडी पुरी ओढली तेव्हा सळी खाचेत मोकळी सरकली आणि एलिव्हेटर पूर्वी कधी गेला नव्हता तिथपर्यंत वर गेला.

दोघांनी टिटवीच्या पोटाला दोन बाजूंनी कान लावले. त्यामुळे त्यांचे चेहरे एकमेकांच्या अगदी जवळ आले. वृद्धाच्या डोळ्यांत मोतीबिंदूची राखाडी झाक होती, ती मोजणीदाराने प्रथमच पाहिली. आत काही आवाज नव्हता.

“झोपला,” वृद्ध म्हणाला.

टिटवी काखेत घेऊन मोजणीदार पायरीपर्यंत गेला आणि वळला. “आता ट्रिम लागणारच नाही?”

“लागेल. एखादा खटका लागेल. शून्य इथे टेबलावर असतं रे. बाहेर ऊन असतं, वारा असतो. पण तो खटका बाहेरच्यासाठी असेल, आणि देणारा तू असशील.” वृद्धाने चिकटपट्टीचा तुकडा टेबलावरून उचलला. तो त्याच्या बोटाला चिकटला होता. “हा नेतोस?”

मोजणीदाराने तुकडा पाहिला. “नको,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “काका, रविवारी येता का? फेकायला कुणी नसतं.”

“आलो असतो. पण शंभर फुटांवर गेली की मला नुसतं आकाश दिसतं. आणि हात खांद्याच्या वर जात नाही आता.” वृद्धाने तो तुकडा टेबलाच्या कडेला चिकटवला. “किती खटके लागले तेवढं येऊन सांग. वर की खाली, तेही. पलीकडच्या गल्लीने जाऊ नकोस. त्या गल्लीत चिखल असतो.”

त्या आठवड्यात मोजणीदाराने नाक शेवटचे चिकटवले आणि पंखा नवा बसवला. शनिवारी संध्याकाळी त्याने नऊ वर्षांपूर्वीची वही काढली. पहिल्या उड्डाणाचे पान उघडले. तिथे त्याच्याच अक्षरात होते, ‘सळी अगदी बरोबर बसली आहे, असे ती म्हणाली.’ ही नोंद चुकीची होती. चुकीची नोंद तो लाल शाईने खोडीत असे आणि बाजूला सही करीत असे. त्याने लाल पेन उघडले, बराच वेळ हातात धरले आणि बंद केले. मग निळ्या पेनाने त्या ओळीखाली लिहिले, ‘सळी तीन आटे आखूड होती.’ दोन्ही ओळी एकाखाली एक राहिल्या.

रविवारी तो माळावर गेला. वही काढून त्याने आकाश पाहिले, गवत पाहिले आणि दोन्ही लिहिले. ट्रान्समीटर डाव्या तळहातावर घेतला. सरकपट्टीच्या आजूबाजूला चिकटपट्टीचा डिंक उरला होता, त्याला तळहाताची कड लागली. तळहात थोडा खाली घेतला. मोटर चालू केली. टिटवी उजव्या हातात थरथरू लागली.

नऊ वर्षे या क्षणी मागून आवाज येई, “सोडा!” आणि तो सोडी. तो आवाज आला नाही. त्याने तोंडातल्या तोंडात स्वतःच म्हटले आणि सोडली.

तो एक सेकंद आला. विमानावर कोणाचाही हात नव्हता. टिटवी सरळ गेली.

वळण घेतल्यावर, उन्हात आल्यावर तिचे नाक अगदी थोडे खाली येऊ लागले. मोजणीदाराने दांडी दोन बोटांत धरली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा सरकपट्टीवर नेला. त्याने एक खटका दिला. दुसरा देण्यासाठी अंगठा उचलला आणि पाहिले. दुसरा लागला नाही.

उतरल्यावर गवतात बसून त्याने त्या दिवसाची नोंद पुरी केली. ती अशी :

२८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी सात वाजून वीस मिनिटे. आकाश निरभ्र, वारा नाही, दव भरपूर. फेकले : मी. उडवले : मी. ट्रिम : मध्यापासून एक खटका वर. वेळ : सात मिनिटे चाळीस सेकंद. उतरली पोटावर, फेकल्या जागेपासून बावीस पावलांवर. नाक व पंखा शाबूत.